हायड्रोजन नक्की कोणी बनवला? लोखंड-गंधकाच्या रेणूची परीक्षा घेण्याची रीत

आमच्या घरामागे गोबरगॅसची टाकी होती. शेण-पाणी कालवून आत सोडायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. त्या हवाबंद काळोखात काही जिवाणू शेण कुजवताना हायड्रोजन सोडतात आणि दुसरे सूक्ष्मजीव तो लगेच उचलून कार्बन डायऑक्साइडबरोबर त्याचा मिथेन करतात, हे मला एमएस्सीला गेल्यावर कळलं. हायड्रोजन बनवणाऱ्या त्या एन्झाइमचं नाव हायड्रोजनेज. प्लॅटिनमसारखा महाग धातू जे काम करतो तेच हे एन्झाइम लोखंडावर करतं, आणि उत्तम चाललं तर सेकंदाला हजारो रेणू बनवतं. ते वाचल्या दिवसापासून मी या विषयातून बाहेर पडलेले नाही.

दर उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला येतात. त्यांना या एन्झाइमची नक्कल करणारा लोखंडाचा रेणू बनवायचा असतो. तो एका दुपारी बनतो. हायड्रोजन त्याच रेणूनं बनवला, दुसऱ्या कशानं नाही, हे दाखवायला मात्र उरलेला सगळा उन्हाळा लागतो. म्हणून हे लिहिताना बनवण्यावर थोडं आणि तपासण्यावर पुष्कळ लिहिणार आहे.

नक्कल कशाची करतोय

क्लोस्ट्रिडियम पाश्चरियानम या जिवाणूतल्या हायड्रोजनेजची स्फटिकरचना १९९८मध्ये आणि डिसल्फोव्हिब्रिओ डिसल्फ्युरिकन्समधल्या हायड्रोजनेजची १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. आत दोन लोखंडाचे अणू शेजारी शेजारी, दोन गंधकांनी एकमेकांना बांधलेले, आणि त्यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड नि सायनाइड बसलेले. कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड ही आपल्याला विषं, पण या जिवाणूंनी तीच अवजारं म्हणून वापरली आहेत. दोन गंधकांना जोडणाऱ्या साखळीच्या मधोमध नायट्रोजन आहे की कार्बन, यावर बराच वाद झाला. २०१३मध्ये तो मिटला: नायट्रोजन आहे. हा नायट्रोजन प्रोटॉन उचलून लोखंडाच्या अगदी तोंडाशी नेऊन देतो.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगते. असा दोन लोखंड, दोन गंधक आणि सहा कार्बोनिलांचा, म्हणजे लोखंडावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडांचा, रेणू जर्मनीत राइलेन आणि सहकाऱ्यांनी १९२९मध्येच बनवला होता. 'हायड्रोजनेज' हे नावसुद्धा केंब्रिजमध्ये मार्जरी स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी १९३१मध्ये दिलं. म्हणजे नक्कल आधी आणि नाव नंतर! एन्झाइमची रचना कळल्यावर सत्तर वर्षांचा जुना रेणू पुन्हा बाहेर काढला गेला आणि १९९९मध्ये डॅरेन्सबर्ग, राउखफुस आणि पिकेट यांच्या तीन गटांनी त्यावर सायनाइड बसवून दाखवलं. तुम्ही सायनाइडच्या वाटेला जाऊ नका. सहा कार्बोनिलांचा साधा रेणू शिकण्यासाठी पुरेसा आहे.

दुपारचं काम

लागणाऱ्या गोष्टी दोनच: ट्रायआयर्न डोडेकाकार्बोनिल, जो गडद हिरवा असतो, आणि १,३-प्रोपेनडायथायॉल. पहिल्याचा १ ग्रॅम आणि दुसऱ्याचा ०.२ मिली घेतला की दोन्ही साधारण २ मिलिमोल होतात. कोरडं टोल्युइन ३० मिली, आर्गॉनखाली, रिफ्लक्सवर, म्हणजे उकळतं ठेवून वाफ वरच्यावर थंड करून परत आत पाडत. तास-दीड तासात हिरवा रंग जाऊन गडद तांबडा येतो. रंग पूर्ण पालटेपर्यंत थांबा. हिरवट झाक उरली असेल तर अजून अर्धा तास द्या.

आता धोक्याचं. दोन मिलिमोल हिरव्या पदार्थात २४ मिलिमोल कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तांबड्या पदार्थात त्यातला जास्तीत जास्त निम्मा राहतो. उरलेला, म्हणजे ३०० मिलीच्या आसपास वायू, बाहेर येतो. त्याला वास नाही, रंग नाही. थायॉलचा वास इतका उग्र असतो की मुलांना वाटतं, काही गळलं तर नाकाला कळेलच. नाकाला थायॉल कळतो, कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. फ्यूम हूड चालू, काच खाली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टेबलावर, यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी ही रिअॅक्शन लावायची नाही. अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवायही नाही. हिरवा पदार्थ पूर्ण कोरडा झाला तर हवेत पेट घेऊ शकतो. म्हणून तो बाटलीत थोड्या मिथेनॉलनं ओलसर ठेवलेला असतो. वजन करताना ते लक्षात घ्या आणि बाटली उघडी टाकून फोन घ्यायला जाऊ नका.

थायॉल लागलेली भांडी, सिरिंज, हातमोजे, सगळं ब्लीचच्या टबात. आमच्या लॅबमधले मामा तो टब सकाळीच भरून ठेवतात, कारण एकदा एका मुलानं सिरिंज बेसिनमध्ये धुतली आणि सगळा मजला गॅसची गळती समजून खाली उतरला. ब्लीचच्या टबात आम्ल कधीही ओतायचं नाही, क्लोरीन सुटतो.

टोल्युइन रोटावर, म्हणजे फिरत्या फ्लास्कमधून कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, उडवा आणि सिलिकाच्या कॉलमवरून नुसत्या हेक्झेननं उतरवा. तांबडा-नारिंगी पट्टा आपला. थंडीत ठेवला की तांबडे स्फटिक पडतात. थायॉलच्या हिशेबानं जास्तीत जास्त ०.७७ ग्रॅम मिळू शकतो. अर्धा ग्रॅम हातात आला तरी मी खूश असते.

ओळख पटवायला इन्फ्रारेड घ्या, हेक्झेनच्या द्रावणात. कार्बोनिलचे ठसठशीत पट्टे साधारण २०७५, २०३५ आणि २००० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसतात. १८५०च्या आसपास पट्टा आला तर हिरवा पदार्थ उरलाय, कारण दोन लोखंडांमध्ये पूल बनून बसलेला कार्बोनिल त्याच्यात असतो, आपल्या रेणूत नाही. हे पट्टे नुसतं ओळखपत्र नव्हेत. लोखंडावर इलेक्ट्रॉनांची गर्दी किती आहे ते त्यांवरून कळतं. पुढे कधी एखादा कार्बोनिल काढून फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसचा गट, बसवलात तर सगळे पट्टे खाली सरकतील, कारण लोखंड जास्तीचे इलेक्ट्रॉन उरलेल्या कार्बोनिलांकडे ढकलतं आणि त्यांचा बंध सैल पडतो. असं लोखंड प्रोटॉन सहज घेतं, पण त्याच्यात इलेक्ट्रॉन घालायला जास्त ऋण व्होल्टेज लागतं. या विषयातली सगळी ओढाताण याच एका वाक्यात आहे.

आधी ब्लँक, मग रेणू

सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे आमच्या भाषेत सीव्ही: इलेक्ट्रोडचं व्होल्टेज पुढे-मागे फिरवायचं आणि प्रवाह मोजायचा. सेल १० मिलीचा. असिटोनायट्राइल, त्यात ०.१ मोलर टेट्राब्यूटिलअमोनियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, म्हणजे १० मिलीला ३८७ मिलिग्रॅम. पावसाळ्यात हे मीठ व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर ठेवल्याशिवाय वापरू नका. जुलैत इथल्या हवेतला ओलावा प्रत्येक बाटलीत शिरतो आणि पाण्याचा तो अंश नंतर आलेखात आम्लासारखा वागतो.

३ मिलिमीटरचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिनावर इंग्रजी आठाच्या आकारात घासा, पाण्यानं धुवा, मग असिटोनायट्राइलनं. घाईनं घासलेला इलेक्ट्रोड लगेच ओळखू येतो. १ मिलिमोलर फेरोसीन (लोखंडाचं संयुग, व्होल्टेज मोजायला संदर्भ म्हणून) टाकून सेकंदाला ०.१ व्होल्टनं स्कॅन करा. शिखर २० ते ३० मायक्रोअँपिअरच्या दरम्यान आणि जाता-येतानाच्या शिखरांत ६० ते ७५ मिलिव्होल्टचं अंतर, एवढं आलं तरच पुढे जा. अंतर १२० आलं तर इलेक्ट्रोड पुन्हा घासा, जोडण्या बघा, द्रावणाच्या रोधाची भरपाई लावा. ही कसरत करताना मुलं कंटाळतात. मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसते, पण हे पूर्ण झाल्याशिवाय रेणूची बाटली उघडू देत नाही.

आर्गॉन १० मिनिटं सोडा, आणि सेलमध्ये येण्याआधी तो असिटोनायट्राइलच्या छोट्या बाटलीतून बुडबुडत येऊ द्या. नाहीतर वायू सेलमधलं द्रावक उडवून नेतो, एकाग्रता वाढते आणि तुम्हाला वाटतं प्रवाह वाढला.

आता सगळ्यात महत्त्वाचा आलेख: रेणूशिवाय, नुसत्या आम्लाचा. असिटिक आम्ल १०, २०, ५०, १०० मिलिमोलर असं वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी स्कॅन जपून ठेवा. पुरेशा ऋण व्होल्टेजला ग्लासी कार्बन स्वतःच आम्लातून हायड्रोजन काढतो. तो प्रवाह कुठे सुरू होतो हे माहीत नसेल तर नंतर दिसणारा प्रत्येक डोंगर तुम्हाला तुमच्या रेणूचा वाटेल.

मग रेणू: १ मिलिमोलर, म्हणजे १० मिलीला सुमारे ३.९ मिलिग्रॅम. आम्लाशिवाय पहिलं शिखर फेरोसीनच्या मानानं उणे १.६ ते उणे १.७ व्होल्टच्या आसपास दिसेल. कमी वेगाला ते पूर्ण परत येत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, इलेक्ट्रॉन घेतल्यावर रेणूची रचनाच बदलते. आता तेच आम्ल त्याच क्रमानं घाला. असिटिक आम्लाबरोबर उत्प्रेरणाचा प्रवाह पहिल्या शिखरापाशी उठत नाही, त्याहून बराच ऋण बाजूला उठतो. आम्ल वाढवलं की तो वाढतो. ब्लँकचे आलेख त्याच कागदावर, त्याच मापात, खाली छापा. दोन्हींमधलं जे अंतर, तेवढीच तुमची कमाई.

आम्ल किती तिखट

ओव्हरपोटेंशियल म्हणजे निसर्गनियमांनी ठरलेल्या किमतीपेक्षा वर किती व्होल्ट मोजावे लागले. ते काढायला असिटोनायट्राइलमधला आम्लाचा पीकेए लागतो, पाण्यातला नव्हे. पीकेए म्हणजे आम्ल किती तिखट त्याचा आकडा; आकडा मोठा तर आम्ल सौम्य. इथे मुलं हमखास चुकतात. असिटिक आम्लाचा पाण्यातला पीकेए ४.७६ आणि असिटोनायट्राइलमधला सुमारे २३.५! ट्रायफ्लोरोअसिटिकचा १२.७च्या आसपास.

असिटोनायट्राइलमध्ये प्रोटॉन-हायड्रोजन जोडीचं प्रमाण व्होल्टेज फेरोसीनच्या मानानं उणे ०.०३ व्होल्ट धरतात, आणि पीकेएच्या प्रत्येक एककाला ०.०५९ व्होल्ट खाली उतरायचं. म्हणजे असिटिक आम्लासाठी उणे १.४२. जुन्या शोधनिबंधांत उणे ०.०३च्या जागी उणे ०.१४ दिसेल. कोणता आकडा घेतला ते लिहून ठेवा, नाहीतर दोन लॅबची तुलना करताना दशांश व्होल्ट कुठे गेला ते कोणालाच कळणार नाही. शिवाय असिटिक आम्ल स्वतःच्याच असिटेटला चिकटून बसतं, त्यामुळे खरं व्होल्टेज थोडं सरकतं.

आपला रेणू या हिशेबात अर्ध्या व्होल्टहून जास्त उधळपट्टी करतो, तर एन्झाइम जवळजवळ फुकटात काम करतं. हा फरक मुलांना निराश करतो, मला तो फार मोलाचा वाटतो, कारण प्रथिनाचं वेष्टण आणि तो एक नायट्रोजन काय किमतीचे आहेत ते त्यातून मोजता येतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत डुबॉइस यांच्या गटानं नेमका हाच धडा उचलला. लोखंड-गंधकाचा सांगाडा सोडून दिला आणि निकेलभोवती फॉस्फिनांच्या कड्यात अमाइन, म्हणजे नायट्रोजनचे गट, टांगले, प्रोटॉन आणून देण्यासाठी. २०११मध्ये त्यांनी असिटोनायट्राइलमध्ये थोडं पाणी घालून सेकंदाला १,०६,००० रेणूंचा वेग नोंदवला. वेगात एन्झाइमला मागे टाकलं, पण ६२५ मिलिव्होल्ट जास्तीचे मोजून.

माझे सहा आठवडे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक कोबाल्टचा रेणू होता. प्रवाह सुंदर वाढत होता, स्कॅनमागून स्कॅन जास्तच. सहा आठवडे मी तो डेटा जमवला, आकृत्या केल्या, गाइडना दाखवल्या. त्यांनी एकच विचारलं, "इलेक्ट्रोड धुऊन पाहिलास?"

नव्हता पाहिला. त्याच संध्याकाळी लांबलचक स्कॅननंतर इलेक्ट्रोड बाहेर काढला, न घासता नुसता असिटोनायट्राइलनं धुतला आणि कोऱ्या द्रावणात ठेवला. मीठ आणि आम्ल होतं, रेणू नव्हता. प्रवाह तसाच आला. भिंगाखाली कार्बनवर काळसर पापुद्रा दिसला. माझा रेणू मोडून इलेक्ट्रोडवर साचला होता आणि हायड्रोजन तो थर बनवत होता. मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर 'धुऊन पाहा' असं लिहिलं आणि ते पान आजही प्रत्येक नव्या मुलाला दाखवते.

असं फक्त माझ्याच बाबतीत झालेलं नाही. फ्रान्समधल्या एका गटानं २०१२मध्ये कोबाल्टच्या एका पिंजऱ्यासारख्या रेणूबद्दल दाखवलं की खरा उत्प्रेरक त्यातून तयार झालेले नॅनोकण होते. म्हणून दर लांब स्कॅननंतर धुण्याची चाचणी करा. प्रवाह स्कॅनगणिक वाढत असेल तर तो आनंदाचा नव्हे, संशयाचा क्षण आहे. आणि तासन् तास इलेक्ट्रोलिसिस करणार असाल तर प्लॅटिनमचा काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे सर्किट पुरं करणारा दुसरा इलेक्ट्रोड, त्याच कप्प्यात ठेवू नका. प्लॅटिनम कणाकणानं विरघळून पलीकडे बसू शकतो, आणि मग तुमच्या नावावर जमा झालेला हायड्रोजन प्लॅटिनमचा असतो. ग्रॅफाइटची कांडी घ्या आणि काचेच्या फ्रिटनं, म्हणजे सच्छिद्र चकतीनं, कप्पे वेगळे करा.

वायू मोजल्याशिवाय नाही

प्रवाह म्हणजे हायड्रोजन नव्हे. इलेक्ट्रॉन रेणू मोडण्यातही खर्च होतात. म्हणून बंद सेलमध्ये ठरावीक व्होल्टेजला इलेक्ट्रोलिसिस करा आणि वरच्या हवेतून वायूबंद सिरिंजनं नमुना घेऊन जीसीत, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, सोडा. जीसीत वाहक वायू आर्गॉन हवा. हीलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की डिटेक्टरला फरक नीट कळत नाही.

हिशेब सोपा. दोन इलेक्ट्रॉनांना एक हायड्रोजन. १० कूलॉम गेले तर ५१.८ मायक्रोमोल, म्हणजे २५ अंशांना सुमारे १.२७ मिली वायू मिळायला हवा. मोजलेला भागिले अपेक्षित, ही फॅराडे कार्यक्षमता. याच १० कूलॉमसाठी सेलमध्ये १० मायक्रोमोल रेणू असेल तर प्रत्येक रेणूनं जेमतेम पाच फेऱ्या मारल्या. पाच फेऱ्या फार नाहीत, पण एकाहून कमी असतील तर त्याला उत्प्रेरक म्हणायचा हक्कच नाही. रेणूशिवायचं इलेक्ट्रोलिसिससुद्धा तेवढाच वेळ चालवा आणि तो वायू वजा करा.

वेगाचा आकडा काढायचा मोह होईल. पुस्तकात सूत्र मिळतं: १.९४ गुणिले स्कॅनचा वेग गुणिले प्रवाहांच्या गुणोत्तराचा वर्ग. गुणोत्तर १० आणि वेग ०.१ असेल तर सेकंदाला १९.४. पण आलेख वर जाऊन सपाट झाला असेल, स्कॅनचा वेग बदलला तरी ती सपाटी हलत नसेल आणि आम्लाविना शिखर नीट परत येत असेल, तरच हे सूत्र लागू. आपल्या तांबड्या रेणूला यातली शेवटची अटसुद्धा झेपत नाही. तिथे आकडा देऊच नका, आलेख द्या.

श्लेंक लाइन नसेल तर

तालुक्याच्या कॉलेजातून मला फोन येतात, "ताई, आमच्याकडे आर्गॉनची लाइन नाही, काय करू?" त्यांना मी कोबालोक्झिम सांगते. तो एन्झाइमसारखा दिसत नाही, काम मात्र तेच करतो, आणि हवेतच बनतो. डायमिथाइलग्लायऑक्झिम, निकेलची गुलाबी-लाल परीक्षा करतात तेच, प्रत्येक कॉलेजच्या कपाटात असतं. कोबाल्ट क्लोराइड हेक्झाहायड्रेट १ ग्रॅम आणि ते १.१ ग्रॅम, ४० मिली इथेनॉलमध्ये ७० अंशांना. मग फ्यूम हूडमध्ये ०.७ मिली पिरिडिन, थंड करून अर्धा तास हवेचे बुडबुडे. तपकिरी स्फटिक पडतात. कोबाल्टचे क्षार विषारी आहेत, हातमोजे घालाच. मुंबईत आयआयटीत अर्णब दत्ता यांचा गट अशाच सांगाड्यांना अमिनो आम्लं जोडून पाण्यात काम करायला लावतो, म्हणजे हा फक्त शिकाऊ रेणू नाही.

याला पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे सीव्हीचं यंत्रही लागत नाही. रॉचेस्टरच्या आयझेनबर्ग यांच्या गटानं २००९मध्ये दाखवलं की इओसिन वाय हा रंग, ट्रायइथेनॉलअमाइन आणि हा कोबाल्ट, अर्धं पाणी-अर्धं असिटोनायट्राइल, पीएच ७, एवढ्यावर दृश्य प्रकाशात हायड्रोजन निघतो. हिरवा एलईडी चालतो. काही तासांत रंग उडतो आणि वायू थांबतो, ते अपेक्षित आहे.

बाटल्या मात्र एक नाही, पाच लावा, सगळ्यांतली हवा सारख्याच वेळ नायट्रोजननं काढून. एकीत सगळं. दुसरीत कोबालोक्झिम नाही. तिसरीत रंग नाही. चौथीत ट्रायइथेनॉलअमाइन नाही. पाचवीत सगळं आहे, पण ती चांदीच्या कागदात गुंडाळून त्याच दिव्याखाली ठेवायची. जीसीत आधी शेवटच्या चार सोडा, पहिली सगळ्यात शेवटी.